काकांच्या खिशातलं माझं रक्त

सांगलीकडचं गाव सोडून मी आदिलाबादला आलो तेव्हा सातवीत शाळा सुटलेली होती. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करायचो. हिवाळ्यात कापसाच्या बैलगाड्यांची पहाटेपासून रांग लागायची. तो सरकीचा वास अजून कुठे आला की मी थांबतोच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावाहून निरोप आला, थोरला भाऊ छातीत कळ येऊन गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मी त्याच्याहून थोडाच लहान. जरा दम लागला की वाटायचं, आता आपली पाळी.

घरमालक काका कचेरीत कारकून. त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढला तर हृदयाला धोका असू शकतो, तपासून बघू. तपासणी हैदराबादेत. काका त्या दिवशी कचेरीच्या कामानं तिकडेच निघाले होते. मी उपाशीपोटी रक्त दिलं, शिशी बर्फाच्या थर्मासात ठेवली आणि काका सकाळच्या बसनं गेले.

रिपोर्ट आला, आकडा फारच जास्त. काकांना घेऊन मी तडक डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी काकांना विचारलं, "बर्फ में ही रखा था ना?"

"निर्मलच्या स्टँडापर्यंत बर्फातच होती ना साहेब," काका मराठीतच म्हणाले. "मंग बर्फाचं पानी झालं. शिशीवरची नावाची चिठ्ठी सुटून राह्यली होती. नाव धुऊन गेलं तं याचं रक्त दुसऱ्याच्या खाती जाईन ना! म्हून शिशी पुसली अन् स्वेटरच्या आत, छातीपाशी खिशात ठेवली."

डॉक्टर हसले. शिशी उबेला राहिली की रक्तातल्या पेशी तो पदार्थ सोडत राहतात, आकडा फुगतो, म्हणाले. पुन्हा पाठवा.

घरी काकूंनी काकांना धारेवर धरलं. "रक्त होतं का अंडं? उबवत बसले!"

"तू काऊन बोलून राह्यली? नाव तं शाबूत होतं ना!"

दुसऱ्या खेपेला काका रजा काढून गेले. वाटेत बस थांबली की उतरायचे, रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून थर्मास भरायचे. नाव धुऊन जाऊ नये म्हणून चिठ्ठीवर त्यांनी मेणबत्ती घासली होती.

या वेळी आकडा किंचितच जास्त निघाला. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, तंबाखू बंद केली, पालेभाजी खायला सांगितली. पण एवढ्यानं सगळं कळत नाही, भाऊ असा गेलाय तर बीपी, कोलेस्टेरॉलही बघत राहा, असं बजावलं. म्हणजे भीती पुरती गेली नाही. काकू मात्र रोज ताटात भाजी वाढायच्या. "पुन्हा पालक?" म्हटलं की, "खाय मुकाट्यानं. तुह्या मायले काय सांगू मी?"

पुढं भाऊ गेला त्या वयाचं वर्ष आलं. ते सगळं मी धास्तीत काढलं. सरलं त्या दिवशी कामावर जाण्याआधी काका-काकूंच्या पाया पडलो. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही. काका फक्त म्हणाले, "चहा घेऊन जाय."

ओसरीवर बसून तो चहा मी अगदी सावकाश प्यालो.