कट-ऑफ खाली होता

हवाई दलात मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होतो. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नाव हिलाल सोनवणे. मूळ गाव अमळनेर तालुक्यात, राहणार गोडादरा, सुरत. वय चौऱ्याहत्तर. जबानीच्या सुरुवातीला देतात तशी ही माहिती देतो आहे, कारण सहा वर्षांपूर्वी मी एक जबानी दिली होती आणि ती खोटी होती.

माझं शेवटचं पोस्टिंग राजस्थानातल्या एका तळावर होतं. तिथे विंग कमांडर वानखेडे आमचे फ्लाइट कमांडर. सकाळी पाचला हँगर उघडायचा, साडेपाचला टूल चेक, सहाला पहिलं विमान लाइनवर. विमानाच्या कंट्रोल्सना हात लावला की फॉर्मवर दोन सह्या लागत. पहिली काम करणाऱ्याची. दुसरी, ज्याने ते काम केलेलं नाही अशा माणसाची, स्वतः बघून केलेली. एकदा दुसरी सही नव्हती म्हणून वानखेडे सर कॉकपिटमधून उतरले. स्टेशन कमांडर बघत उभे होते. सर म्हणाले, "दुसरा माणूस आणा. मी थांबतो." चाळीस मिनिटं उन्हात उभे राहिले.

निवृत्तीनंतर मी सुरतेत लूमचे मोटर-पॅनल दुरुस्त करत होतो. सर मूळचे वर्ध्याचे, पण मॅडमचं माहेर सुरतेत, म्हणून तेही इथेच स्थायिक झाले. एक दिवस फोन आला.

"वॉरंट साहेब, विमान बांधायचंय."

"कोणाचं, सर?"

"माझं. तुम्ही वायरिंग करा. नाही म्हणाल तर घरी येऊन उचलून नेईन."

चलथाणच्या पुढे उसाच्या शेतांमध्ये एक खाजगी धावपट्टी आहे. तिथल्या शेडमध्ये आम्ही किटवरून दोन सीटचं विमान तीन वर्षं बांधलं. सर पासष्टीच्या पुढे होते. मी फक्त वायरी ओढल्या. रिव्हेटिंग त्यांचं.

ट्रिम म्हणजे काय, ते सांगतो. विमान सरळ चाललेलं असताना पायलटला स्टिक सतत ओढून किंवा दाबून धरावी लागू नये, म्हणून शेपटीला एक छोटी हलती पट्टी असते. ती पट्टी हवेच्या जोरावर स्टिकचं वजन हलकं करते. जुन्या विमानात ती चाकाने आणि तारेने फिरायची. घरी बांधलेल्या लहान विमानात हल्ली बोटाएवढी मोटर लावतात आणि स्टिकवर बटण देतात. सोय चांगली आहे. धोका एकच. बटण किंवा मोटरला वीज देणारा रिले चिकटला तर मोटर थांबत नाही. याला ट्रिम रनअवे म्हणतात. पट्टी टोकाला जाते आणि हलकी होणारी स्टिक दगडासारखी जड होते.

सरांनी हे सगळं आधी विचारात घेतलं होतं. मोटर मुद्दाम संथ निवडली. मधल्या जागेपासून टोकापर्यंत जायला अठरा सेकंद. पॅनलवर डाव्या हाताशी लाल झाकणाचा कट-ऑफ स्विच स्वतः बसवला. झाकण उचला, स्विच खाली करा, मोटरची वीज बंद. पुढे लोक म्हणाले की म्हाताऱ्याला बटणांची हौस नडली. ज्यांनी हे म्हटलं त्यांनी ते विमान आतून पाहिलेलं नाही. त्या यंत्रणेत एकच उणीव होती. स्विचच्या मागच्या दोन वायरी मी जोडल्या नव्हत्या.

पहिलं उड्डाण दसऱ्याला ठरलं होतं. तारखेचा आग्रह माझा होता, सरांचा नव्हता. मोटर चालवून बघता यावी म्हणून मी कट-ऑफ वगळून एक तात्पुरती वायर टाकली होती. ती काढून स्विचच्या वायरींची दोन टोकं क्रिंप करायची, म्हणजे दाबून पक्की बसवायची, एवढंच राहिलं होतं. चाळीस मिनिटांचं काम. खंडेनवमीच्या सकाळी नऊला मी शेडवर पोचलो. मॅडमनी आठलाच पूजा मांडली होती. पाटावर नट-बोल्टचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, ड्रिल, माझं क्रिंपिंग टूल. सगळ्यांवर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल.

आपल्याकडे हत्यार एकदा पूजेत बसलं की दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत उचलत नाहीत. माझ्या घरी, तळावर, लूमच्या खात्यात, सगळीकडे मी हेच पाळलं होतं.

"बसा वॉरंट साहेब, प्रसाद घ्या," मॅडम म्हणाल्या. "सगळं झालं ना?"

"झालं, मॅडम."

काम राहिलंय म्हणालो असतो तर उड्डाण पुढे गेलं असतं. मी जॉब शीटवर लिहिलं, "ट्रिम कट-ऑफ जोडला, तपासला." खाली सही केली. रिले नवा आहे, एका उड्डाणात काय होणार, असा हिशोब केला. दसऱ्याच्या संध्याकाळी गुपचूप जोडून टाकणार होतो.

दसऱ्याला सकाळी साडेसहाला सर शीट घेऊन आले.

"काऊन सोनवणे, दुसरी सही माझी ना? पॅनल उघडा, बघू द्या."

"सर, आठ स्क्रू आहेत. हत्यारं पूजेत आहेत."

ते पाटाकडे बघून हसले. "मॅडमची पूजा मोडली तर मला विमान नको, घरच शोधावं लागेल." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय, सर."

चाळीस मिनिटं उन्हात उभा राहणारा माणूस माझ्या शब्दावर विमानात बसला. दुसऱ्या सहीची जागा कोरी राहिली.

टेक-ऑफ सात दहाला. मी धावपट्टीच्या कडेला हँडहेल्ड रेडिओ घेऊन उभा होतो. त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणी नव्हतं. दहा मिनिटं सगळं नॉर्मल. सात एकवीसला आवाज आला.

"ग्राउंड, ट्रिम रनअवे. नोज डाउन."

मी काही बोलण्याआधीच पुढचं आलं. "कट-ऑफ डाउन." मग, "अजून चालू आहे."

दोन सेकंद गेले. "कट-ऑफ वर केला. परत डाउन. अजून चालू आहे. सोनवणे, कट-ऑफ जोडलाय ना?"

आवाज चढलेला नव्हता. हँगरमध्ये विचारायचे तसंच विचारलं. मी लगेच "मास्टर ऑफ" म्हणालो असतो तर पट्टी अर्ध्यावर थांबली असती. मास्टर म्हणजे सगळ्या विमानाची वीज. पण तसं म्हणणं म्हणजे "जोडलेला नाही" हे कबूल करणं होतं. मी गप्प राहिलो. घड्याळ हातात होतं. दहा सेकंद.

मग म्हणालो, "सर, मास्टर ऑफ करा."

"रॉजर. मास्टर ऑफ."

मास्टरबरोबर रेडिओही बंद होतो. त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, ते अजून बाकी आहे.

इंजिनची ठिणगी वेगळी असते, म्हणून इंजिन चालू होतं, पण ट्रिमची पट्टी टोकाला गेली होती. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिक ओढून धरून धावपट्टीभोवती पूर्ण सर्किट मारलं. मी ते खालून पाहिलं. वळणं नीट होती. फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, सरळ रेषेत आले. उतरताना थ्रॉटलसाठी एक हात काढावा लागतो. तो काढला तेव्हा नाक खाली गेलं. वेळ सात एकोणतीस. धावपट्टीच्या दीडशे मीटर अलीकडे विमान उसात कोसळलं. मी उसातून पळत गेलो. सर सीटवर होते, पट्टे बांधलेले. श्वास नव्हता. पॅनल फाटून सगळ्या वायरी तुटल्या होत्या. कोणती जोडलेली होती आणि कोणती नव्हती, हे कोणालाही सांगता आलं नसतं. लाल झाकण उघडं होतं, पण धडकेनेही ते उघडू शकतं.

चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "कट-ऑफ जोडला होता?" मी म्हणालो, "हो. शीटवर सही आहे." "मग त्यांनी तो वापरला का नाही?" मी म्हणालो, "सांगता येत नाही. वय झालं होतं." रेडिओवर काय ऐकलं, तेही विचारलं. म्हणालो, "खरखर होती."

निष्कर्ष त्याप्रमाणे निघाला. वैमानिकाने उपलब्ध साधन वेळेत वापरलं नाही. उडणाऱ्या मंडळींच्या ग्रुपमध्ये हौशी म्हाताऱ्यांना सावध करायला ते वाक्य आजही फिरतं.

माझ्या बायकोला मी तीन वर्षांनी सांगितलं. ती दर दसऱ्याला म्हणायची, "आते तरी सांगी द्या. कितला दिन पोटमा ठेवशात?" मागच्या वर्षी ती गेली. मुलगा म्हणतो, "पप्पा, जवा दो ने, जाऊ द्या. आता कोणाला काय फरक पडतो?" ग्रुपचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, मॅटर क्लोज आहे. उगाच केस अंगावर येईल." येऊ दे. या वयात मला कसली भीती घालता? बदली करणार की प्रमोशन रोखणार? मला माफी नको आहे. मला ते वाक्य खोडून हवं आहे.

गेल्या महिन्यात भेस्तानला मॅडमच्या घरी गेलो. उभं राहूनच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

मग विचारलं, "त्यांनी स्विच खाली केला होता?"

"दोनदा, मॅडम. सेकंदही न घालवता."

"मी सहा वर्षं सगळ्यांना सांगतेय की त्यांचे हात थरथरायला लागले होते. मीच अडवायला हवं होतं, असं म्हणतेय."

"हात थरथरत नव्हते. सर्किट पूर्ण केलं त्या हातांनी."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एक शब्द बोलला असता, तर पाटावरून ते टूल मी माझ्या हाताने उचलून दिलं असतं."

"हो, मॅडम. पूजेचा दोष नाही. माझा आहे."

"तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. आत जाऊन सरांचं लॉगबुक घेऊन आल्या. शेवटच्या उड्डाणाची ओळ रिकामी होती. "भरा."

मी उभ्यानेच भरली. टेक-ऑफ ०७१०. ट्रिम रनअवे ०७२१. कट-ऑफ वैमानिकाने तत्काळ वापरला, दोनदा. कट-ऑफ जोडलेला नव्हता. खाली माझी सही, नाव, हुद्दा. मॅडमनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि तिच्या शेजारी दुसरी सही केली.

त्या पानाची प्रत आणि ही हकीकत मी चौकशी कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. पोच आली आहे, उत्तर नाही. दर सोमवारी फोन करतो. आता तिथले लोक माझा आवाज ओळखतात आणि फोन होल्डवर टाकतात. मी होल्डवर थांबतो. घरी विमान बांधणारे दोघे-तिघे माझ्याकडे वायरिंग दाखवायला येतात. त्यांना मी आधी पॅनल उघडायला लावतो, मोटर चालू करायला लावतो, मग कट-ऑफ खाली करून मोटर थांबलेली डोळ्यांनी दाखवायला लावतो. त्याशिवाय चहासुद्धा देत नाही.

सर, कट-ऑफ जोडलेला नव्हता. तुम्ही तुमचं काम बरोबर केलं होतं.

विंग कमांडर वानखेडे. दसरा, सकाळी सात एकोणतीस.