गार्ड एकदाच पुढे आला

आमच्या गार्डला दुसऱ्याच्या पुढे गाडी काढताना मी उभ्या जन्मात एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे. एरवी तो सगळ्यात मागे. लग्नाला जायचं असो, कुणाच्या मातीला जायचं असो, की दहाजणांनी मिळून एखाद्या यात्रेला, गार्डची गाडी शेवटची. नाव त्याचं वेगळं होतं, ते आधार कार्डावर राहिलं. महागावच्या बसस्टँडमागे त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं, पण त्याला मिस्त्री म्हणणारे थोडे. रेल्वेच्या शेवटच्या डब्यात झेंडी घेऊन माणूस उभा असतो ना, तसा हा, म्हणून गार्ड.

एकदा मी त्याला विचारलं, "काहून बे, तुह्या गाडीत दम नाही का?" तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. हात पुसत म्हणाला, "काकाजी, पुढं राहून मले कोनाचा धूर दिसन? मागूनच दिसते." खरंच, तो धूर पाहत चालायचा. काळा कुणाचा, पांढरा कुणाचा, कुणाची साखळी ढिली, कुणाचं चाक लडबडतं. मुक्कामाला पोचलं की एकेकाला सांगायचा, "उद्या गाडी आनून दे, टाळू नोको." ज्यानं टाळलं तो महिन्याभरात ढकलत आला. हे मी ऐकीव सांगत नाही, मीही ढकलत आलो आहे.

त्याची दुसरी रीत अशी की सगळ्यात कमजोर गाडी सगळ्यात पुढे लावायची. तिच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं, म्हणजे कुणी मागे राहून हरवत नाही. माझी जुनी टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकावं लागतं ती. आता तशा गाड्या दिसतही नाहीत. तर गार्ड दर वेळी मोठ्या अदबीनं म्हणायचा, "काकाजी, तुम्ही पुढं." मी वयाचा मान समजून छाती काढून पुढे निघायचो. चार वर्षं निघालो. मग दिगांबरनं, म्हणजे माझ्या वावराच्या शेजाऱ्यानं, भर चहाच्या टपरीवर मला खरं कारण सांगितलं आणि सगळे हसले. मी आठ दिवस गार्डशी बोललो नाही. नवव्या दिवशी तो माझ्या दारात आला, गाडीला किक मारली, कान लावला आणि म्हणाला, "गाडी कमजोर हाये, मालक नाही." मी चहा ठेवायला सांगितला. काय करणार?

माणसाची चूक तो चारचौघांत सांगत नसे. गॅरेजसमोर कडुलिंब होता, त्याच्या पलीकडे न्यायचा. कुणी डिझेल टाकून आणायचं, कुणी पोराच्या सांगण्यावरून कारबोरेटर उघडून आणायचं. लोकांसमोर गार्डचं एकच, "पार्ट जुना झालता." लिंबापलीकडे नेऊन मात्र असा झाडायचा की माणूस लाल होऊन परत यायचा. बाहेर बसलेल्यांना वाटायचं, हिशेबावरून काही झालं असेल.

त्याची एकुलती एक पोरगी वैशाली. दुरुस्त झालेल्या गाडीची ट्रायल तीच घ्यायची, आठवी-नववीपासून. गावात लोक बोलले. बोलणारच. एकानं तर गॅरेजात येऊन विचारलं, "पोरीच्या जातीले कायले गाडीवर बसवता?" गार्डनं पाना खाली न ठेवता सांगितलं, "तुमची गाडी तिनंच पास केली, तवाच तुमी इथपर्यंत आले." तो माणूस पुढेही गाडी तिथेच आणत राहिला. मातीतल्या शर्यतीचं वेड तिला कुठून लागलं ते ठाऊक नाही, मोबाइलवरूनच लागलं असेल. गार्डनं एक पडून असलेली गाडी घेतली, दिवे काढून टाकले, सायलेन्सर वर उचलला, खडबडीत टायर चढवले, इंजिन तीनदा खोललं न् तीनदा बांधलं. आणि सराव कुठे? माझ्या वावरात. कापूस वेचून पऱ्हाटी उपटून झाली होती. मी सांगितलं, ढेकळं तशीच ठेवतो, चालव किती चालवायची ते. लेकीनं महिनाभर माझं वावर उलथंपालथं केलं. बांधावरून उडायची, पडायची, उठायची. दिगांबर म्हणाला, "गड्या, नांगरटीचे पैसे वाचले तुहे." मी म्हटलं, "जळू नोको. तुह्या वावरात कोनी उडलं का आजपर्यंत?"

नागपूरच्या बाहेर शर्यत ठरली. त्यात मुलींची वेगळी फेरी होती, वैशालीची पहिलीच. ती मामासोबत आदल्या दिवशी टेम्पोत गाडी घालून गेली. टेम्पोत गार्डपुरती जागा होती. तो जाणारही होता. पण आम्ही सहाजण मोटरसायकलींनी निघणार होतो आणि मीच म्हटलं, "तू नसला तर आमाले कोन नेईन? आमची पोरगी पहिल्यांदा धावून राह्यली, आमी पाहाचं नाही का?" गार्डनं एकदा आमच्या गाड्यांकडे पाहिलं. मग पोरीला म्हणाला, "तू हो पुढं. मी याईले घेऊन येतो. तुह्या फेरीच्या आत पोचतो." असा त्यानं तिला शब्द दिला.

जानेवारी होता. पहाटे निघालो तेव्हा हँडलवर बोटं वाकत नव्हती. मी पुढे, मध्ये पाचजण, मागे गार्ड. आर्णीला चहा झाला. ऊन वर येईपर्यंत यवतमाळ गाठलं आणि पेट्रोल पंपावर रांगेनं उभे राहिलो. माझी टाकी बुडाला आली होती. पंपावरच्या पोरानं विचारलं, "आजोबा, ऑइल टाकू का?" मी म्हटलं, "माहं तेल माह्याजवळ हाये." होतंच. सरबताच्या जुन्या बाटलीत भरून मागे कॅरिअरला बांधलेलं असायचं, पंपाच्या तेलावर माझा भरवसा नव्हता. टाकी भरली. तेवढ्यात त्या पोरानं विचारलं, एवढे सगळे कुठे निघाले. झालं. मी त्याला वैशालीचं सांगायला लागलो. माझ्या वावरात शिकली हे सांगितलं, बांधावरून कशी उडते ते हातानं करून दाखवलं. मागच्या गाडीवाल्यालाही सांगितलं. दिगांबर ओरडला, "भाषण संपलं असन तर निघा!" मी टाकीचं झाकण लावलं आणि निघालो. तेल बाटलीत, बाटली कॅरिअरला.

कळंब मागे पडलं. गाडी अशी हलकी पळत होती की मीच खूश. मग मागून हॉर्न. आरशात पाहिलं तर गार्ड एकेकाला मागे टाकत पुढे येत होता, दिवा उघडझाप करत, एक हात हलवत. गार्ड, आणि पुढे! माझ्या डोक्यात काय आलं असेल? मला वाटलं, पोरीच्या पायी आज याला घाई झाली, हा माझी पुढची जागा घेतो. म्हटलं घे बरं, आणि मी ॲक्सिलरेटरचा कान पिळला. तो बाजूला आला, ओरडत होता, "काकाजी, थांबा! धूर!" मला वाऱ्यात काही कळलं नाही. मी आणखी पिळला. टू-स्ट्रोक गाडी निळा धूर सोडत चालते, तेल जळतं त्याचा. माझ्या गाडीचा धूर बंद झाला होता आणि ते त्यानं सहा गाड्यांमागून पाहिलं होतं. मग इंजिनानं एक घास अडकल्यासारखा आवाज केला, मागचं चाक जाम झालं आणि गाडी घसरत काठावर गेली. पडलो नाही. तेवढं माझं हातकौशल्य आहे.

गार्ड पहिला पोचला. टाकीचं झाकण काढून त्यानं पेट्रोलात बोट बुडवलं आणि दोन बोटांत चोळलं. तेलाचं पेट्रोल बुळबुळीत लागतं, हे कोरडं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कॅरिअरवरची भरलेली बाटली सोडली आणि स्वतःच्या झोळीत घातली. इतक्यात बाकीचे आले.

"काय झालं?" दिगांबरनं विचारलं.

"पिस्टनची रिंग तुटली वाटते," गार्ड म्हणाला. "पार्ट जुना झालता."

रस्त्याच्या काठाला लिंब नव्हता आणि त्यानं मला बाजूलाही नेलं नाही. ते झाडणं राहिलंच.

दिगांबर म्हणाला, गाडी समोरच्या ढाब्यावर ठेव आणि माझ्या मागे बस. सरळ गोष्ट होती. पण मी म्हटलं, माझी गाडी परक्या दारात सोडून मी हलत नाही. तुम्ही सगळे जा, गार्डलाही घेऊन जा, मी बसतो गाडीपाशी. त्या वेळी मला ते मोठेपणाचं वाटलं होतं. गार्डनं घड्याळ पाहिलं. दोनदा पाहिलं. मग बाकीच्यांना म्हणाला, "तुमी निघा. पोरीले आपलं कोनी दिसलं पायजे. दिगूभाऊ, फेरी सुरू झाली का फोन लावा." मला म्हणाला, "म्या आजपावतर मागची गाडी सोडून कधी गेलो का? इंजन गरम हाये, हात नोका लावू."

इंजिन थंड व्हायलाच तास गेला. मग त्यानं हेड उतरवलं, सिलिंडर ओढून काढलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. तो मांडी घालून पॉलिश पेपरनं ते घासत बसला, मी पाने देत होतो. एक वाजून गेल्यावर फोन वाजला. दिगांबर ओरडत होता, "उभ्या राह्यल्या! सहाजनी हायेत!" गार्ड म्हणाला, "फोन वर धरा, तुमी बोलू नोका." त्यानं स्पीकर लावून आपला फोन सिलिंडरवर ठेवला. मला नुसती घरघर ऐकू येत होती, पिठाच्या गिरणीसारखी. गार्ड डोळे मिटून होता. "ते पाहा, आपली," म्हणाला. "दुसऱ्या गेरात हाये. तिसरा टाकला. बरोबर." दर वेळी गाड्या दिगांबरच्या समोरून जायच्या तेव्हा त्याची मान हलायची.

मग त्यानं एकदम डोळे उघडले आणि उभा राहिला. हातातला पिस्टन तसाच. म्हणाला, "पडली." मी म्हटलं, तुला कसं कळलं, इतक्या गाड्या आहेत. तो म्हणाला, "आपली बंद झाली." तसा चेहरा मी कुणाचा पाहिला नाही आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. मी गाडीला हात लावून उभा होतो. किती वेळ गेला असेल? दिगांबर तिकडे मधेच बोलला, "चिखलात गेली रे बावा—" आणि गार्ड माझ्यावर ओरडला, जसं काही मीच फोनमध्ये आहे, "चूप!" मग म्हणाला, "किक मारून राह्यली. चोक ओढू नोको, बेटा, इंजन गरम हाये, चोक नाही." मग, "लागली, चालू झाली." आणि तो खाली बसला. मांडी घातली. डोळे पाण्यानं भरलेले, हात काळे, पुसायची सोय नाही. म्हणाला, "दहाचा पाना द्या."

सहाजणीत ती चौथी आली. पडून उठून चौथी. यवतमाळ जिल्ह्यातून दुसरी कुणी तिथे उभीसुद्धा नव्हती, हे मी त्या पंपावरच्या पोरालाही परत येताना थांबून सांगितलं.

गाडी पुन्हा बांधून, या वेळी तेल टाकून, आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. वैशाली चिखलात बुडालेली, हनुवटी सोललेली. बापाला पाहून म्हणाली, "बाबा, तुमी म्हनलं होतं ना?" गार्ड म्हणाला, "रिंग तुटली काकाजीच्या गाडीची. पार्टाचा काय भरवसा." तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणाली, "जाऊ द्या, आबाजी. तुमाले तर नाही लागलं?" मी म्हटलं, नाही लागलं. पुढच्या शर्यती तिनं खूप केल्या, बक्षिसं आणली, गार्ड सगळीकडे गेला. पण पहिली ती पहिली. आणि "रिंग तुटली" ही गोष्ट आमच्या गावात पक्की झाली. मीही दोन-चारदा सांगितली. सांगता सांगता मला ती खरी वाटायला लागली होती.

मागच्या दिवाळीनंतर गार्ड गेला. चार दिवसांचा ताप, बस. मातीला मोटरसायकली इतक्या होत्या की शेवटची गाडी कुणाची, हे कुणी पाहिलं नाही. तेराव्याला गॅरेजासमोर सतरंजी टाकून सगळे बसले. एकेकजण आठवण सांगत होता. वैशाली म्हणाली, "माही पहिली रेस तेवढी बाबांनी पाह्यली नाही. नशीब. रिंग तुटली होती."

मी उभा राहिलो. गुडघे दुखतात, पण बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हटलं, "पोरी, रिंग तुटली नव्हती. मी पंपावर तेल टाकाचं विसरलो. तुह्या बापानं बाटली झोळीत लपवली. आणि गाडी सोडून मी हाललो नाही, म्हनून तोही हालला नाही." दिगांबर माझ्याकडे पाहत राहिला. मी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. ती कशी मागतात तेही धड माहीत नव्हतं. हात जोडले.

वैशालीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून जा म्हणेल. म्हणाली असती तर गेलो असतो. पण तिनं विचारलं, "म्हनजे तवा बाबांजवळ फकस्त तुमीच होते?"

"मीच होतो."

"मी पडली, तवा त्यायनं काय केलं?"

मी सांगितलं. उभा राहिला ते, "चूप" ओरडला ते, चोक ओढू नको म्हणाला ते. ती म्हणाली, "मी चोक ओढला होता, आबाजी. मग सोडला." मी सांगितलं की गाडी चालू झाल्यावर तो खाली बसला आणि दहाचा पाना मागितला. ती पदरात तोंड घालून हसली की रडली ते मला सांगता येत नाही. मग ती सरकून माझ्याजवळ येऊन बसली.

"पुन्हा सांगा," म्हणाली. "फोन वाजला तिथून."

मी पुन्हा सांगितलं.