सहा डोस की चार

वाशीच्या एका इस्पितळात मी नर्स होते. खाडीकाठच्या गावातल्या एका म्हातारीला कॅन्सर झाला होता. केमोचे सहा डोस द्यायचे की तिला घरी न्यायचं, यावर तिचे तीन मिशाळ मुलगे दोन दिवस बाकावर बसून भांडत होते आणि एकेकटे मला गाठून म्हणत होते, "सिस्टर, तुमीच सांगा."

माझं डोकं फिरलं. "आईला विचारलंत का?"

मग डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी तिघांना तिच्या खाटेपाशी उभं केलं.

जन्मभर मासळी विकलेली ती बाई डॉक्टरांना म्हणाली, "सहा नको. चार दे."

डॉक्टर हसले. "चार घ्या, मग बघू."

थोरला कुरकुरला, "आये, आमाला इचारायचं तरी."

म्हातारीने पदर सारखा केला. "म्हावरं कितीला द्याचं, ते तुमाला कवा इचारलं व्हतं?"