दुकानातल्या सुट्या गोळ्या

वडवणीत आमचं किराणा दुकान. चहापत्ती, साबण, आणि गल्ल्याखाली बरणीत अंगदुखीच्या सुट्या गोळ्या. किराणा दुकानात त्या विकायच्या नसतात, हे ठाऊक होतं. तरी विकायचो. बाजाराच्या दिवशी तर लई खपायच्या.

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रक्ताचा कॅन्सर झाला, त्यात किडन्याही निम्म्या गेल्या. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून कॅन्सरशी लढायला तयार केल्या होत्या. त्या परत अंगात सोडायच्या आधी तीन दिवस एक जालीम औषध द्यायचं होतं. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून डोस रक्तातल्या किडनीच्या आकड्यावर ठरणार; आकडा वाढला की किडनी बिघडली. बाईंनी बजावलं होतं, दुखण्याच्या गोळीनं किडनी आणखी बिघडते, विचारल्याशिवाय कसलीही द्यायची नाही.

आणि मी दिली. माणूस पाठ धरून कण्हत होता, मला बघवेना. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. माझी अक्कल कुठं शेण खायला गेलती कोण जाणे.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी बीडला रक्त तपासलं. दुपारी बाईंचा फोन आला. मालक गल्ल्यावर, फोन स्पीकरवर, समोर चार गिऱ्हाइकं.

"आकडा एकदम वाढलाय. काही गोळी घेतली का?"

"न्हाई बाई, काहीच न्हाई," मालक म्हणाले आणि डोळ्यांनी मला दटावलं. त्यांना गिऱ्हाइकांपुढं दुकानाची अब्रू जपायची होती.

"मग आजारानंच किडनी धरली असणार. थांबून चालणार नाही. उद्याच या, डोस कमी करून औषध सुरू करू."

"येतो," मालक म्हणाले.

मी फोन हिसकावला. "बाई, मी दिलती गोळी. चार दिवस. आमच्याच दुकानातली."

गिऱ्हाइकं माझ्याकडं बघतच राहिली. बाई म्हणाल्या, "गोळीनं किडनी अजून घसरत असणार. आता औषध दिलं असतं तर कमी डोसही अंगातच तुंबला असता. गोळी बंद करा. उद्या या, पण आधी सलाइन. आकडा उतरला तरच औषध, तेही कमी डोसनं."

"उतरंल का?"

"बघू."

उतरायला आठ दिवस लागले. मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी औषधाची पहिली बाटली लागली, तेव्हा छताकडं बघत म्हणाले, "चार माणसांत सांगितलं. कशापायी?"

"तुमी मेला असता म्हणून," मी म्हणाले. "अन् मीच मारलं असतं."