अण्णांची मर्जी

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला होतं. सकाळी तिला आत नेलं आणि थोड्या वेळानं नर्स कागद घेऊन बाहेर आली. सही हवी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, समोरच्याच बाकड्यावर बसले होते. नर्सनं तीनदा हाक मारली, पण त्यांनी मान वर केली नाही. मोबाईलवर रमीचा डाव चालू होता. शेवटी सही मी केली.

अण्णांनी उदगीरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. साधं सुपारीचंही व्यसन नव्हतं. निवृत्तीनंतर मोबाईल घेतला, जाहिरात बघून हा पैशाचा खेळ घेतला. आधी दुपारी खेळायचे, मग जेवताना, मग पूजा उरकायच्या घाईत.

मी त्यांच्या हातातून मोबाईल हिसकावला. चारचौघांत.

"आई आत हाय अन् तुम्ही पत्ते खेळायलात?"

ते शांतपणे उठले. "पेन्शन माझी, डोकं माझं. कुणाच्या घरी चोरी केली का मी? तू मला विचारणारा कोण?"

मी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला. कारण कॉलेजात असल्यापासून मी हेच म्हणत आलो होतो. शहाण्या माणसानं काय खावं, काय प्यावं, कशात पैसे घालवावेत हे सरकारनं सांगू नये. टपरीवर यावरून मी मित्रांशी अबोला धरलाय.

पुढं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. अण्णांचा खेळ बंद पडला आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या मी ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. आठवड्याभरात आईचा फोन आला. "घरात थांबतच न्हाईत. जेवण झालं की निघतेत, ते दिवस मावळताना येतेत."

मी लातूरहून उदगीरला गेलो. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानामागच्या खोलीत ते सापडले. चार म्हातारे, चटई, पत्ते, मधे नोटा. मला त्यांनी पाहिलं नाही.

मी तडक पोलीस चौकी गाठली आणि दारातच थांबलो. तक्रार दिली तर धाड पडणार. अण्णांना गाडीत बसवणारा हवालदार कदाचित त्यांचाच विद्यार्थी असणार. समोरच्या हॉटेलात दोन चहा घेतले, एकही गोड लागला नाही. मग घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. ती हरभरा निवडत होती, निवडतच राहिली.

संध्याकाळी अण्णा आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "त्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून मला भाईर आणलं. मी हातानं तुम्हाला चाचपडत होते. कुठं होतात?"

 अण्णांनी खिशातून एटीएमचं कार्ड काढून तिच्या सुपाशेजारी ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"कायद्यानं न्हाई दिलं. तुझ्या भ्यानं बी न्हाई. माझ्या मर्जीनं देतोय."

त्यानंतर एकदा त्यांनी कार्ड परत मागितलं. एकदा मोंढ्यात जाऊन बसले. दोन्ही गोष्टी त्यांनी आपणहून आईला सांगितल्या. मला मात्र चैन नाही. लातूरहून दिवसातून चार-पाच वेळा आईला फोन करतो. कुठं गेलेत, कुणासंगं, किती वेळ झाला.

परवा ती चिडली. "त्यांना बसू दे की जरा निवांत. तुझाच जीव थाऱ्यावर न्हाई."

मी बरं म्हणून फोन ठेवला. तासाभरानं परत लावला.