फोन न ठेवणाऱ्या सविताताई

सविताताई फोन उचलला की आधी नाव विचारायच्या. फोन करणाऱ्याचं नाही, जनावराचं. आजारी जनावरांसाठी फोनवर सल्ला देणाऱ्या आमच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये जात, वय, कितवं वेत, दूध किती असे सगळे रकाने होते. नावाचा रकाना नव्हता. तो फॉर्म मी तयार केला होता आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ताई फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नाव लिहायच्या, आणि मग पुढचं सगळं बोलणं त्या नावानं व्हायचं. "चंद्रीला उठवा बरं. चंद्रीनं रवंथ केला का सकाळपासून?"

एकदा अहमदपूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. ते भलतेच घाबरले होते. ताईंनी सवयीनं विचारलं, "तिचं नाव काय?"

"शांताबाई."

ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हशींची याहून भारदस्त नावं त्यांनी ऐकली होती.

"शांताबाईनं सकाळी काही खाल्लं का?"

"अर्धी भाकर खाल्ली."

"आन् चारा?"

"चारा कशाला खाईल, बाई?"

"बरं, गाभण हाय का?"

यावर अतिशय दुखावलेल्या आवाजात उत्तर आलं, "अवो, नातवंडं हायत तिला. आजारी म्हैस हाय आमची." त्यांच्या मागून एक बाई विचारताना ऐकू आली, "कोण इचारून राहिलं माझं?"

ताईंनी त्या गृहस्थांची माफी मागितली, शांताबाईंचीही मागितली आणि म्हशीचं नाव लिहून घेतलं. मैना. फोन ठेवल्यावर त्या डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच, "तिचं नाव काय?"

आमच्या वेबसाइटवर लिहिलं आहे की कंपनीचा जन्म माझ्या आणि निखिलच्या लॅपटॉपवर झाला. निखिल माझा पुण्याच्या कॉलेजातला मित्र आणि कंपनीतला भागीदार. वेबसाइटवरचं ते वाक्य अर्धंच खरं आहे. लॅपटॉपवर एक ॲप जन्माला आलं होतं. शेतकऱ्यानं आजारी जनावराचा फोटो काढायचा, सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग डॉक्टरांचा सल्ला मिळायचा. ते दाखवायला मी लोह्याच्या एका दूध संकलन केंद्रावर गेलो होतो. तिथं दुधाचं फॅट तपासणारी एक तिशी ओलांडलेली बाई काम न थांबवता माझं सगळं भाषण ऐकत होती. भाषण संपल्यावर तिनं विचारलं, "सर, तुमचं ॲप चांगलं हाय. यात फोन नंबर कुठं ठिवलाय?"

मी चौथ्या पानावर गेलो आणि तळाशी असलेला नंबर दाखवला.

"एवढा लपवला कशाला? कुणाची उधारी हाय का?"

केंद्रावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. आठवड्यानं परत गेलो आणि विचारलं, नंबर कुठं ठेवू? ती बाई म्हणजेच सविताताई. त्या म्हणाल्या, "भिंतींवर लिवा. मोठा. आन् फोन उचलायला आमच्यासारखं बोलणारं माणूस ठिवा." ते माणूस म्हणून मी त्यांनाच लातूरला घेऊन आलो. पुढच्या दोन वर्षांत लोह्यापासून हदगावपर्यंत किती भिंतींवर आमचा नंबर रंगवला गेला, कोण जाणे. ॲप उघडणारे थोडे होते. फोन मात्र थांबेना.

ताईंचे वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये त्या वाढल्या. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं आणि वडिलांनी बैलाचा पाय धरला असेल तर आपण दोरी धरायची, असं त्यांचं बालपण. औषध त्या कधी सांगायच्या नाहीत. ते काम आमच्या डॉक्टरांचं. पण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं हे त्यांना कळायचं, आणि ते त्यांनी एकेकाला शिकवलं. एका खोलीत त्यांनी नऊ माणसं तयार केली. कुणी उदगीरचं, कुणी मुरुडचं. शबाना फोनवर समोरचा कुठल्या भागातला आहे हे पहिल्या वाक्यात ओळखायची आणि तशी बोलायची. वैशाली इतक्या हळू आवाजात बोलायची की चिडलेली माणसंसुद्धा ऐकू यावं म्हणून गप्प व्हायची.

शिकवताना ताईंचं एकच वाक्य असायचं. "माणूस आधी इकडचं तिकडचं सांगतंय. खरं शेवटी सांगतंय. तवर फोन धरा."

माझ्यावरही त्यांची शिकवणी चालायची. मी मीटिंगमध्ये इंग्रजीतून काही बोललो की त्या पेन खाली ठेवायच्या. "सर, हे हदगावच्या स्टँडवर सांगा बरं." म्हणजे हदगावच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला कळेल असं सांगा. मी सांगायला लागायचो, आणि निम्म्या वेळा सांगता सांगता माझ्याच लक्षात यायचं की यात सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या वर्षी कंपनीत बाहेरचा पैसा आला आणि पैशाबरोबर श्रीनिवास नावाचे एक सभ्य, टापटीप गृहस्थ आले. ते गुंतवणूकदारांच्या वतीनं दर महिन्याला विमानानं हैदराबादपर्यंत आणि तिथून गाडीनं लातूरला यायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त सगळं मोजायला आवडायचं. त्यांनी खोलीच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावून घेतला. त्यावर नऊ जणांची नावं. फोन तीन मिनिटांत संपला की नाव हिरवं, लांबला की लाल.

पहिल्या दिवशी ताई त्या स्क्रीनपुढं कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. "टमाटे पिकल्यासारखं दिसून राहिलं," एवढंच म्हणाल्या. काही जण घाईनं फोन ठेवायला शिकले. शबाना, वैशाली आणि आणखी दोघं काही केल्या लालच. महिन्याभरानं श्रीनिवासांचा मेल आला की या चौघांना कमी करावं. निखिलनं तो मला दाखवला. मी म्हणालो, बघू.

ताईंना हे कळलं तेव्हा त्या माझ्या टेबलाशी आल्या. आरडाओरडा नाही काही नाही. हेडफोन माझ्यापुढं ठेवला. "उद्या तुम्ही फोन घ्या, सर. एक दिवस."

दुसऱ्या दिवशी मी बसलो. स्क्रीनवर माझंही नाव आलं. ताई शेजारी खुर्ची ओढून, दुसरा हेडफोन लावून. तिसरा की चौथा फोन हदगावजवळच्या एका म्हाताऱ्या काकांचा होता. म्हैस पान्हा सोडत नाही, चार दिवस झाले. मी फॉर्म भरला. खाणं बरोबर, ताप नाही, कासेला सूज नाही. तीन मिनिटं होत आली होती. मी म्हणालो, "डॉक्टर येतील उद्या, इंजेक्शन देतील." आणि फोन ठेवायला निघालो. ताईंनी माझं मनगट धरलं.

काका बोलत राहिले. मागच्या आठवड्यात घरात लग्न होतं. मांडववाल्यानं फसवलं. नवरदेवाकडची माणसं वेळेवर आली, हे एक बरं झालं. जेवणात वांगं चांगलं झालं होतं. मी स्क्रीनकडं बघत होतो. माझं नाव लाल होऊन बराच वेळ झाला होता. मग काका म्हणाले, "लेक गेली, घर रिकामं झालं बघा. म्हशीचं बी सगळं तीच करायची."

"धार कोण काढायचं, काका?" ताईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तीच की."

ताईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. काकांना म्हणाल्या, "तिची एखादी जुनी ओढणी घरात हाय का? उद्या धार काढायला बसताना खांद्यावर घ्या. म्हशीला तिच्या वासाची सवय हाय."

"या वयात ओढणी घेऊ?"

"गोठ्यात कोण बघतंय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. म्हशीनं दूध दिलं होतं. पण गोष्ट गावात फुटली होती आणि शेजारची माणसं धारेच्या वेळेला बघायला जमत होती, त्यावर काही उपाय आहे का, असं ते विचारत होते.

मला पटलं होतं. पूर्ण पटलं होतं. हे मी लिहितो आहे, कारण पुढं मी काय केलं तेही लिहायचं आहे.

पुढच्या बैठकीत श्रीनिवासांनी तो लाल-हिरवा तक्ता पडद्यावर टाकला आणि नम्रपणे विचारलं की चौघांचं काय ठरलं. निखिल माझ्याकडं बघायला लागला. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचा मजकूर वाचला. संपल्यावर परत पहिल्यापासून वाचला. ओढणीची गोष्ट माझ्या जिभेवर होती. गुंतवणूकदारांच्या माणसाला ती कशी सांगायची, हसतील का, पुढचा हप्ता अडकेल का, असं सगळं डोक्यात फिरत होतं आणि वेळ गेला.

बैठकीला बसलेल्या सविताताई बोलल्या. "साहेब, हा लाल रंग माझा हाय. फोन लवकर ठिवू नका, हे मीच शिकवलं त्यांना. ते माझं ऐकतेत म्हणून लाल हायत. काढायचं असंल तर शिकवणारीला काढा."

श्रीनिवास म्हणाले, प्रश्न व्यक्तींचा नाही. ताई म्हणाल्या, "व्यक्तींचाच हाय. चार नावं लिवली की तुम्ही." मग त्यांनी आपली अट सांगितली. हे तीन मिनिटांचं घड्याळ दोन महिने बंद ठेवा. चौघं राहतील, हे कागदावर द्या. दोन महिन्यांत मी माझं काम वैशालीला शिकवते आणि जाते. ज्याचा फोन तीन मिनिटांत संपला तो शेतकरी त्याच म्हशीसाठी किती वेळा परत फोन करतो आणि आमच्या लालवाल्यांचा किती वेळा, तेवढं या दोन महिन्यांत मोजा. "तुम्हाला मोजायचा लई नाद हाय, तर हे बी मोजा."

कागद झाला. त्या दिवशी ताई जाणार हे कळून खोलीत सगळ्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते, आज काम नाही म्हणून. ताईंनीच ते परत घालायला लावले. "ज्याच्या गाईचं पोट फुगलंय त्याला तुमचा संप काय कळणार? उचला."

दोन महिन्यांनी श्रीनिवासांनी मोजलं आणि मान्य केलं. हिरव्या नावांचे शेतकरी पुन्हा पुन्हा फोन करत होते. लाल नावांचे फारसे करत नव्हते. स्क्रीन कायमचा उतरवला. श्रीनिवासांनी स्वतः ताईंना थांबायची विनंती केली, आणि ती मनापासून होती. निखिलनं केली. मीही केली.

ताई म्हणाल्या, "माझ्या जाण्यावर ही माणसं राहिलीत. आता मीच राहिले तर उद्या माझ्या बोलण्याला कोण विचारील? आन् पुढं दुसरं काही मोजायला काढतील. तेव्हा भांडायला वैशाली हाय. तिला भांडायचं बी शिकवलंय मी." लोह्याजवळच्या एका गावात बायकांनी स्वतःचं दूध केंद्र काढलं होतं, त्यांना माणूस हवं होतं. ताईंनी त्यांना शब्द देऊन टाकला होता.

शेवटच्या दिवशी केक आणला. पण फोन वाजत राहिले, त्यामुळं तो एकेकानं येऊन खाल्ला आणि टाळ्या वाजवायला कधीच तिघांपेक्षा जास्त माणसं नव्हती. सगळ्यांनी मिळून त्यांना गाईच्या गळ्यातली पितळी घंटा दिली. ताईंनी ती वाजवून बघितली. "बरं झालं. कुठं चरायला गेले ते कळंल तुम्हाला."

दुपारी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. नांदेडच्या गाडीला वेळ होता. मी दोन महिने घोकलेलं वाक्य बोलून टाकलं, की त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं.

"हाव, बोलायला पाहिजे होतं," ताई म्हणाल्या. "मला राग आला होता, सर. अजून थोडा हाय. जाईल हळूहळू." मग पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला.

गाडी लागली तशी गर्दी दारावर तुटून पडली. ताईंनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "पळा सर. खिडकीतून टाका." मी, एका कंपनीचा संस्थापक, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीच्या बाजूनं पळालो आणि रिकाम्या दिसलेल्या खिडकीतून पिशवी आत लोटली. आत घंटा वाजली. एक फेटेवाले आजोबा तिथं बसायच्या बेतात होते. मी खिडकीला लोंबकळून त्यांना सांगितलं की इथं आमच्या बाई बसणार आहेत. ते माझ्याकडं नीट बघून पुढं सरकले.

ताई वर चढून जागेवर बसल्या, पदर सावरला आणि खिडकीतून खाली बघितलं. "एवढी तरी जागा धरलीत माझी," म्हणाल्या, आणि हसल्या. गाडी सुटली.

ऑफिसात परत आलो तेव्हा वैशाली फोनवर होती. मला तिच्याशी दोन मिनिटांचं काम होतं. मी टेबलाशी उभा राहिलो तशी तिनं वर न बघता हात करून मला थांबायला सांगितलं. पलीकडचं माणूस लांबून कुठूनतरी सुरुवात करत होतं. मी खुर्ची ओढून बसलो.