दोनदा हात आपटायचा

माझी मुलगी टॅप करत नाही, हे मला तिच्या सरांनी जिन्यात सांगितलं.

ती अठरा वर्षांची आहे. अमरावतीत राजापेठेजवळ टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे ती आठवड्यातून तीन संध्याकाळी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. गादीवर एकमेकांना धरायचं आणि शेवटी समोरच्याचा गळा आवळायचा, नाहीतर सांधा उलटा वाकवायचा. ज्याला सहन होत नाही त्याने दोनदा हात आपटायचा. त्याला टॅप म्हणतात. आवाज आला की समोरचा त्या क्षणी सोडतो. सगळा खेळ त्या दोन आवाजांच्या भरवशावर चालतो.

"काका, आज कोपर कटकन वाजलं तिचं," सर म्हणाले. सर म्हणजे अकोल्याचा तिशीतला मुलगा. "पोरगी हूं नाई का चूं नाई. समोरचीच घाबरली अन् सोडलं तिनं, म्हणून बरं. हात मोडला असता त तुमाले मी काय सांगतलं असतं?"

घरी आल्यावर तिने पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला. मी विचारलं.

"काही नाही, बाबा. थोडं लचकलं."

तिची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तीसुद्धा स्वयंपाक करता करता मध्येच ओटा धरून उभी राहायची, आणि विचारलं की म्हणायची, काही नाही, पित्त झालंय. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरीही हातात पुस्तक असतं. तिचं उत्तर ऐकून मी पान उलटत असे.

त्या दिवसापासून मला भीती लागली. पुस्तकावर शिक्का मारताना तो कटकन आवाज ऐकू यायचा. तिच्या क्लासच्या वेळी फोन वाजला की नाव न बघताच मी तो कानाला लावायचो. क्लास बंद कर, असं म्हणण्याची हिंमत नव्हती, कारण आई गेल्यावर ती पोटभर जेवायची ती फक्त क्लासच्या दिवशी. शेवटी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मीच गादीवर उतरलो. तिच्याजवळ असावं, एवढाच हेतू होता.

पहिल्याच दिवशी मी आमच्या घराण्याची चूक केली. माझे वडील अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचे. तरुणपणी ते तिथल्या आखाड्यात कुस्ती करायचे. मला आणि पुढे माझ्या मुलीला त्यांनी एकच धडा दिला होता: "काईबी होऊ दे, पाठ मातीले लागू द्याची नाई." त्यामुळे एका कॉलेजच्या पोराने मला खाली पाडताच मी चटकन पालथा झालो. पुढच्या क्षणी तो माझ्या पाठीवर होता आणि त्याचा हात माझ्या हनुवटीखाली. मी घाबरून हात आपटला, दोनदा नव्हे, सात-आठदा.

सर हसत होते. "घ्या! आमच्या अकोला जिल्ह्याचा पहिलवान. सारे असेच पालथे पडतेत. काका, इथं पाठीवर पडलं त कुस्ती सुरू होते, पालथं पडलं त संपते."

निमूट पाठीवर पडायला मला दोन महिने लागले. कोणी छातीवर बसलं की आपण मरतोय असंच वाटतं. तेव्हा आधी श्वास सोडायचा. कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवायची, कारण ढकलायला लांब केलेला हात म्हणजे दुसऱ्याला दिलेला हात. मग कुशीवर वळायचं, कंबर मागे सरकवून जागा करायची, त्या जागेत गुडघा घालायचा. ताकद लावली तर दोन मिनिटांत दम जातो. नवख्या, घाईच्या माणसापेक्षा जुन्या माणसाच्या हाती सापडणं बरं. घरी जाताना एकच डाव सोबत न्यावा, पाच पाहिले तर एकही उरत नाही. आणि टॅप दुखल्यावर करायचा नसतो. सांध्याला आता पुढे जागा नाही हे कळलं की करायचा.

हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्याने करायचो, ती बघत असताना, आणि तिच्याशीच जोडी लागली की तर जरा आधीच.

"बाबा, मी अजून डाव लावलाच नव्हता!" ती चिडायची.

"लावणारच होतीस ना?"

"असं कसं शिकाल तुम्ही?"

"तेच त शिकून राहिले," सर म्हणायचे. "तासाभरात वीसदा हरतेत अन् वीसदा नव्यानं बसतेत. तुहं कोपर मात्र दोन हप्ते घरी बसलं होतं."

ती हसायची. टॅप मात्र करायची नाही.

एकदा घरी तिच्या कोपरावर बर्फ धरून बसलो होतो. मी म्हणालो, "तुला भीती वाटत नाही का गं?"

"आईनं तरी कुठं कुणाला सांगितलं होतं, दुखतंय म्हणून?" ती म्हणाली. "सगळेच तर म्हणत होते."

खरं होतं. भेटायला आलेली प्रत्येक बाई दारातून आत येताच म्हणायची, माय वं, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही बाईनं. तेरा दिवस मी त्याला मान हलवत होतो.

मी बर्फाची पिशवी खाली ठेवली. तिच्या आईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, इतके दिवस का थांबलात. ते मी तिला पहिल्यांदा सांगितलं. तिच्या आईला ओटा धरून उभं राहिलेलं मी पाहिलं होतं आणि पान उलटलं होतं, तेही सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उठून आत गेली. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं, आणि आपण तिच्याकडून तिची आई काढून घेतली की काय, ही नवीच भीती मला लागली.

पुढच्या क्लासला ती परतवाड्याच्या एका दणकट मुलीबरोबर होती. मी पलीकडच्या कोपऱ्यात त्या कॉलेजच्या पोराखाली. मान वळवल्यावर दिसलं, तिचा उजवा हात त्या मुलीच्या दोन्ही पायांत अडकला होता. हात सरळ होत चालला होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले. त्याच वेळी पोराने माझ्या खेळाच्या जाड कोटाची कॉलर गळ्याभोवती आवळली. मला टॅप करायला हवा होता. पण माझ्या हाताच्या आवाजात तिचा आवाज विरून जाईल, या भीतीने मी हात आपटला नाही. ऐकत राहिलो. कानांत समुद्रासारखं काही वाजू लागलं आणि छताचा पंखा काळा होत गेला.

मग तिच्या बाजूने गादीवर दोन आवाज आले. उशिराच आले.

आणि लगेच तिची किंकाळी. "बाबा! हात आपटा ना! बाबा!"

मी आपटला. पोराने सोडलं. ती गुडघ्यांवर रांगत माझ्यापर्यंत आली होती, डाव्या हाताने उजवं कोपर धरून.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "दुखतंय."